उशी बांधणार नाही

आई, मला दिवस गेलेले नाहीत आणि कधी जाणारही नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी सगळं नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी या दिवसांत आमच्या घरात मूल असेल. माझं आणि तुझ्या जावयाचं. फक्त ते वाढणार आहे तुझ्या सुनेच्या पोटात. तू असतीस तर हे ऐकल्याबरोबर आधी दार लावून घेतलं असतंस, मग खिडकी, आणि मग आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारला असतास, "कुनाकुनाला सांगितलंस?" म्हणून त्याचं उत्तर आधी देते. सगळ्यांना सांगितलं. माहेरी कशेळ्याच्या नाक्यापासून इथे लोधिवलीपर्यंत, ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला. आज कंपनीला सुट्टी आहे, तुझा जावई कुठल्याशा फार्महाऊसचा पंप जोडायला गेला आहे, कुकरमध्ये डाळ आहे. दुपारभर कुणी येणार नाही. तुझ्याशी भांडायला याहून बरी वेळ मिळायची नाही.

अकरा वर्षांमागे पनवेलच्या दवाखान्यात मी डोळे उघडते तेव्हा तू माझ्या पायाशी बसलेली असतेस. माझे पाय तुझ्या मांडीवर, आणि तू तळवे चोळते आहेस. तुझ्या हाताला कांद्याचा वास आहे, म्हणजे निरोप मिळाल्यावर तू नाक्यावरून तशीच उठून जीप धरलीस. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, हे दुसरं पाचव्यात. रक्त थांबेना म्हणून पिशवीच काढावी लागली, हे डॉक्टरीणबाई मला संध्याकाळी सांगणार आहेत, पण तुला ते कळलेलं आहे आणि तू तोवर सगळं ठरवूनही टाकलं आहेस. "ऐक," तू म्हणतेस, "तुजं अपेंडिकचं ऑपरेशन झालं. त्याच्यामुळंच पोर गेलं. कुनी इचारलं तर येवढंच बोलायचं." मी म्हणते, आई, मला पाणी दे. तू पाणी देतेस, आणि ओठ पुसता पुसता म्हणतेस, "पोर गेलं ते लोकांना ठाव हाय. बाकीचं कशाला ठाव व्हायला पायजे? झाकली मूठ सव्वा लाखाची." बाबा गेले तेव्हा तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी तू नाक्यावरच्या आपल्या हॉटेलात वड्यांची कढई चढवली होतीस. माझ्यासाठी मात्र तू हॉटेलला कुलूप घातलंस आणि आठवडाभर माझ्या उशाशी बसलीस. परत गेल्यावर नाक्यावर सगळ्यांना सांगितलंस की पोरीचं अपेंडिक फुटलं होतं. तुझी माया आणि तुझं खोटं एकाच हातातून आलं, त्यामुळे मला तेव्हा ते वेगळं करता आलं नाही.

पण त्या खोट्याचं पुढे काय झालं ते तुला सांगते, कारण तू लवकर सुटलीस, निस्तरलं मी. ज्या बाईला पिशवी आहे असं जगाला वाटतं, तिला जग आशेवर ठेवतं. मला काय काय खायला घातलं लोकांनी! कुठल्याशा वैदूची पावडर, ती जिभेवर ठेवली की दिवसभर तोंड कडू. शेजारच्या काकूंनी आणलेला अंगारा. कंपनीत माझ्या शेजारी औषधाची खोकी भरणारी बाई दर अमावस्येला माझ्या डब्यात लिंबू ठेवायची. मी सोळा सोमवार केले आई. नसलेल्या पिशवीसाठी उपास केले, आणि सतराव्या सोमवारी उद्यापनाला बायका आल्या तेव्हा त्यांच्या पाया पडून आशीर्वादही घेतला, कारण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. खरं फक्त तुला, सासूबाईंना आणि नवऱ्याला माहीत होतं. देवाला माहीत होतंच, तो काय मनात म्हणत असेल असं वाटून मला पूजेत हसू यायचं. एकदा तुझ्या हॉटेलात मी पाठमोरी उभी राहून बटाटे कुस्करत होते आणि जीपची वाट बघणाऱ्या बाईने तुला विचारलं, "पोरीचं काय यंदा?" तू वडे तळत म्हणालीस, "व्हईल व्हईल, वेळ यायला लागते." ती गेल्यावर मी तुझ्यावर फणकारले, कशाला असं सांगतेस म्हणून. तू झारा आपटलास. "मंग काय सांगू? माजी पोर आतून रिकामी केली म्हनून सांगू?" माझ्यापेक्षा तुझेच डोळे जास्त भरले होते. मी पुन्हा बटाटे कुस्करायला लागले.

आणि ती पाचवी. दादाला पहिली मुलगी झाली, पाचव्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळी लिहायला येते म्हणून पूजा मांडलेली, गल्लीतल्या बायका पडवीत जमलेल्या. मी नवी साडी नेसून बाहेर जायला निघाले तर तू माझा दंड धरलास. "तू आत बस. घुगऱ्या बघ." घुगऱ्या कधीच शिजल्या होत्या. कुणी काही बोलण्याआधी, कुणी नजर वाकडी करण्याआधी तूच मला आत घेतलंस. मला त्याचा राग आला तो अजून गेलेला नाही. पण आता वय वाढल्यावर दुसरीही गोष्ट दिसते. तूही आतच होतीस. घरचं पहिलं नातवंड, आणि त्याची आजी चुलीपाशी, कारण तुझ्या कपाळावर कुंकू नव्हतं. बाबा गेल्यापासून प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक डोहाळजेवणाला तू आत राहून पुऱ्या तळल्यास आणि आपण होऊन आत राहतो आहोत असं दाखवलंस. "बस माज्याजवळ," असं म्हणत तू पाट सरकवलास तेव्हा तू मला तुझी जागा देत होतीस. तुझ्याकडे तेवढीच होती. मला ती नको होती, आई. तुलाही नको असणार.

आता तुझ्या सुनेबद्दल. कशेळ्याच्या पलीकडची, डोंगराच्या अंगाला असलेल्या गावातली पोर, मोठ्याने बोलणारी, गिऱ्हाइकांसमोर खिदळणारी. दोन वर्षं तुम्ही एका घरात काढलीत आणि दोन वर्षं तू एकच तक्रार केलीस, "हिच्या तोंडात तीळ भिजत नाय." म्हणून पिशवीची गोष्ट तू तिला कळू दिली नाहीस. तू गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी ती सांगून टाकली. ती मला कुठल्याशा जागृत देवीचं सांगत होती, ओटी भरा म्हणत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, मला पिशवीच नाही गं." ती म्हणाली, "ताई, मंग ते सोळा सोमवार? मला आधी सांगितलं असतं तर पंधरा तरी वाचवलं असतं मी." आम्ही दोघी हसलो, मग रडलो. त्यानंतर आठ वर्षं ती गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही, तुझ्या मुलालासुद्धा नाही. तुझं हॉटेल आता तीच चालवते, दादा गल्ल्यावर नुसता बसतो. वड्यात तिने लसूण वाढवला आहे. रागावू नकोस, पण खप वाढला आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पनवेलला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जायला इतकी वर्षं का लागली म्हणशील, तर अपेंडिक्स झालेली बाई डॉक्टरकडे जाऊन पिशवी नाही असं कसं सांगणार? त्यांनी तपासून सांगितलं की पिशवी नसली तरी बीज तयार होतंय अजून, पण फार थांबू नका. दोघांचं बीज दवाखान्यात एकत्र करायचं, गर्भ धरला की तो दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवायचा. बाई लग्न झालेली हवी, तिला स्वतःचं मूल हवं, तिची राजीखुशी हवी. आणि कायद्याने तिला पैसे देता येत नाहीत, दवाखान्याचा खर्च आणि विमा तेवढा आपण करायचा. तिथेच आमची हवा गेली. नऊ महिने कोण कुणाला असंच देतं? दिवाळीत माहेरी गेले तेव्हा वहिनी भाकऱ्या थापत होती आणि मी तिला हे नुसतं गोष्ट म्हणून सांगत होते. तिने परातीतून मान वर केली नाही. "पोटच लागतंय ना? माजं हाय की. दोन पोरी झाल्या, तिसरं मला नको हाय. बसूनच हाय ते." मी म्हटलं, वेडी आहेस का तू, जिवावरचं काम असतं. "ताई, भाकरी करपतेय. हो का नाय ते सांगा." मी हो म्हणाले. इतकी मोठी गोष्ट मी भाकरी करपेल म्हणून पटकन बोलून गेले.

दादाने आधी डोकं धरलं. त्याचा नकार नव्हता, हे तुला सांगायला हवं. तो तुझा मुलगा आहे, त्याला नाक्याची भीती. "अगं, तुज्यासाठी जीव देईन. पन उद्या गल्ल्यावर बसून लोकांना सांगू काय?" म्हणून त्याने सल्ल्याला बोलावलं कर्जतच्या मावशीला. तुझी सख्खी बहीण, तुझ्याच शाळेत शिकलेली. मावशी ऐकून अजिबात दचकली नाही. तिने डोळे मिटून विचार केला आणि सगळा बेत मांडला. पोट दिसायला लागलं की वहिनीने बदलापूरला मावशीच्या लेकीकडे जाऊन राहायचं. इकडे मी पोटाला उशी बांधायची, महिन्यागणिक वाढवायची, कंपनीतून रजा घ्यायची आणि शेवटी पनवेलला जाऊन मूल घेऊन यायचं. पुढच्या रविवारी ती उशा शिवूनच घेऊन आली. जुन्या चादरीचा अभ्रा, आत शेवरीचा कापूस, दोन्ही बाजूंना परकराच्या नाड्या. लहान, मध्यम, मोठी. किती नीट शिवल्या होत्या गं! मोठीला तर तिने खालच्या अंगाला थोडा उतार दिला होता, नवव्या महिन्यात पोट उतरतं तसा. इतक्या जिव्हाळ्याने कुणी माझ्यासाठी काही शिवलं नव्हतं, आणि मी ती मांडीवर घेऊन बसले. मला तो बेत वाईट वाटला नव्हता, खोटं कशाला बोलू. दहा वर्षं लोकांनी ज्याची वाट बघितली ते त्यांना दाखवायचं, एवढंच तर होतं.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "ताईंना उशी. मला काय?" मावशीला कळेना. वहिनी चहाचे कप गोळा करत होती, ते तिने खाली ठेवले. "मी बदलापूरला ऱ्हाईन. पन माज्या दोन पोरी इथं हायत, त्या येतील भेटाया. माजी आई येईल. बदलापूरला आपल्या गावचे निम्मे लोक ऱ्हातात. कुनाला तरी पोट दिसंलच की. मंग मी रिकाम्या हातानं परत आले तर काय सांगू?" मावशी जराही न थांबता म्हणाली, "त्यात काय? दिवस गेलेत म्हनून सांगायचं. आनि मागनं सांगायचं, पोटातच गेलं." दादा खाली बघायला लागला. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आई, माझी दोन पोटात गेली आहेत. पोटात गेलं म्हणजे काय असतं हे त्या खोलीत मला माहीत होतं. आणि आता ज्या मुलासाठी आम्ही देव पाण्यात घालून बसणार, ते एका घरात जन्माला यावं म्हणून दुसऱ्या घरात त्याला मेलेलं म्हणायचं? ज्या बाईने ते वाढवलं तिने वर सुतक पाळायचं? लोक तिच्या दारी समाचाराला येणार, तिच्या पोरींना जवळ घेणार, कुणी म्हणणार हिच्याच पायगुणाने गेलं, आणि मी इकडे पेढे वाटणार. मी उशा मावशीच्या पिशवीत परत भरल्या. म्हटलं, "मावशी, मी उशी बांधणार नाही." ती म्हणाली, "अगं तुज्याच अब्रूसाठी." मी म्हटलं, "माझी अब्रू तिच्या पोटावर नको झाकायला." मावशी रुसून गेली. जाताना नवऱ्याने तिला सोडायला गाडी काढली आणि मधलं वातावरण हलकं करायला म्हणाला, "मावशी, मोठी तेवढी ठेवून जा, माझी मान हल्ली दुखते." ती हसली नाही, पण ठेवून गेली. तो तिच्यावर झोपतो.

मला खरं सांग, मावशीने सांगितलं तेच तूही सांगितलं असतंस ना? मला माहीत आहे, सांगितलं असतंस. तुला लोक वाईट वाटत नव्हते, तुला ते माहीत होते. पंचवीस वर्षं नाक्यावर चहा गाळताना कुठली बाई कुणासोबत जीपमधून उतरली, कुणाच्या सुनेला मूल नाही, कुणाची लेक परत आली, सगळं तुझ्या कढईवरून गेलं. बोलणाऱ्यांना तू चहा दिलास आणि जिच्याबद्दल बोललं जायचं तिलाही दिलास. त्या बायकांत आपली पोर नको म्हणून तू मूठ आवळलीस. समजतं मला. पण मूठ तुझी, आणि आत चिरडले गेले मी. त्यातून तू मला वाचवलंस असं तुला वाटत असेल तर ते मला मान्य नाही. आणि आता माझ्या जागी वहिनीला चिरडायचं तर मुळीच मान्य नाही.

मग अलिबागच्या खेपा झाल्या. दाखले, तपासण्या, कोर्टाचा हुकूम, त्यात हिवाळा गेला. एका ठिकाणी वहिनीला एकटीला आत बोलावून तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, तुमच्यावर घरातून कुणाची जबरदस्ती नाही ना? ती बाहेर येऊन मला सांगते, "मी बोलले, मॅडम, माज्यावर जबरदस्ती करनारी होती एक, ती जाऊन दहा वर्सं झाली." मी तिला म्हटलं, थांब, हे आईला कळवते. तर हे कळवलं.

सांगायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, कानोकान नको, एकदाच आणि सगळ्यांसमोर. रथसप्तमीच्या आधी वहिनीने आपल्या घरी हळदीकुंकू ठेवलं, गल्लीतल्या, नाक्यावरच्या बायका आल्या. तुझ्यासारख्या चुलीपाशी बसणाऱ्या दोघी होत्या, त्यांना वहिनीने हाताला धरून बाहेर आणून बसवलं. त्या अवघडल्या, पण बसल्या. तू असतीस तर तुलाही ओढून आणली असती, मग तू काहीही म्हण. मी पडवीच्या मधोमध उभी राहिले. तोंड उघडलं आणि आवाज तुझा निघाला, जीपवाल्यांना हाक मारायचा. म्हटलं, "अकरा वर्षांमागे माझं अपेंडिक्स नाही काढलं. पिशवी काढली." मग बाकीचं सगळं सांगितलं. मग पहिला प्रश्न आला तो मला माहीतच होता, कुणीतरी पदराआडून विचारला, "म्हंजे जावयाचं नि हिचं...?" मी म्हटलं, "माझा नवरा दवाखान्यात जाणार, वहिनी दवाखान्यात जाणार, पण दिवस वेगळे आणि खोल्या वेगळ्या. बीज आमच्या दोघांचं. त्यांचा एकमेकांशी संबंध एवढाच की ती त्याला चहात साखर कमी घालते." हशा झाला. मग एक काकी सगळ्यांना समजावून सांगायला लागली, "अगो, भाताचा राब एका खाचरात पेरायचा नि रोपांची आवणी दुसऱ्या खाचरात, तसंच की हे." बायकांनी माना डोलावल्या, पण मला ते आवडलं नाही आणि मी बोलले. "काकी, खाचराला आपण विचारत नाही. हिला विचारलंय. खरं तर हिनेच मला विचारलंय." वहिनी तिळगूळ वाटत होती, तिने मान हलवली आणि पुढच्या बाईकडे गेली.

दोघीजणी वाण न घेता उठून गेल्या. त्यातली एक दारात म्हणाली, "काय काय बघायला लागनार अजून." जाऊ देत. पण एका म्हातारीने, तुझ्या बरोबरीची ती, जिला दात नाहीत, मला जवळ बोलावून विचारलं, "पोर तुजं, पोट हिचं, समजलं. दूध कुनाचं?" आई, डॉक्टरांनी, कोर्टाने, कुणीच मला हे विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. वहिनीच म्हणाली, "येईल तेवढं माजं, मंग बाटली. दुधाचं काय येवढं?" सगळ्यांना ते पटलं. इतकं सगळं ती देणार आणि मला तिच्या दुधाचा हेवा वाटला. कुणाला दिसलं नाही, पण वाटला, आणि अजून वाटतो. वाटू दे. तेवढ्यासाठी मी तिच्या पाठीवरून हात काढणार नाही.

नाक्यावर व्हायचं ते झालं. एक जीपवाला दादाला म्हणाला, "काय रं, बायको भाड्यानं दिलीस म्हनं?" वहिनी सांगते, दादाने त्याच्यासमोर ठेवलेला चहा उचलला आणि परत किटलीत ओतला. "ती माजी बायको हाय नि जिचं पोर हाय ती माजी बहीन हाय. चहा पायजे तर नीट बोल." उष्टा नव्हता गं, काळजी करू नकोस. तो जीपवाला दोन दिवस समोरच्या टपरीवर गेला आणि तिसऱ्या दिवशी वड्यासाठी परत आला. ज्या मुलाला तू नाक्याला भ्यायला शिकवलंस तो असं बोलला, हे मला तुला सांगावंसं वाटलं. कंपनीत मी स्वतः सांगितलं. लिंबू ठेवणारी बाई आधी रडली, मग चिडली, म्हणाली इतकी लिंबं फुकट गेली माझी.

मी भ्याले नाही असं समजू नकोस. लोकांची भीती आता उरली नाही, पण वहिनीची वाटते. माझं रक्त थांबत नव्हतं तसं तिचं झालं तर? मी तिला हे बोलून दाखवलं, म्हटलं अजून नाही म्हण, मी एका शब्दाने विचारणार नाही. ती म्हणाली, "तसं काय झालं तर माज्या पोरींना तुमी हायत. नाय झालं तर तुमच्या पोराला मी हाय." पुढच्या आठवड्यात तिच्या पोटात गर्भ ठेवणार आहेत. राहील की नाही ते कुणी सांगू शकत नाही. राहिला तर तिचं डोहाळजेवण मी करणार, ओटी मी भरणार, आणि कुणी मला आत घुगऱ्या बघायला पाठवलं तर बघून घेईन. नाही राहिला तर तेही मी नाक्यावर उभी राहून माझ्या तोंडाने सांगेन, अपेंडिक्स म्हणणार नाही.

कुकर कधीच झाला, वाफसुद्धा गेली असेल. हे पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. आणि तू हयात असताना पाठवलं असतं तरी काय, तुला वाचता येत नव्हतं, टपाल आलं की तू नाक्यावर चहाला थांबलेल्या मास्तरांकडून वाचून घ्यायचीस, म्हणजे गाव गोळा झालं असतं. कागद माझ्याकडेच राहतील. एवढं तावातावाने लिहिलं खरं, पण उठण्याआधी एक सांगते, हे मी नवऱ्यालाही बोललेले नाही. आई, तू आज असतीस ना, तर मी तुझंच ऐकलं असतं.